टाळू भरायची राहिली

फिजिओथेरपिस्ट म्हटलं की लोक आधी गुडघा पुढं करतात. खरंच. लग्नात, एसटीत, कोरेगावातल्या आमच्या आळीत, कुठंही. "तुझं शिक्षण त्यातलंच ना गं? मग बघ जरा, जिना चढताना इथं कळ येती." आई तर सगळ्यांना सांगते, "आमची पोरगी हाडांची डॉक्टर हाय." मी दरवेळी म्हणते, आई, डॉक्टर नाही गं. ती म्हणते, तेच की, काय फरक पडतोय. तर मला सांगलीच्या दवाखान्यात नवजात बाळांच्या आयसीयूत काम मिळालं आणि मी उड्या मारत घरी फोन केला, तेव्हा आई हळूच म्हणाली, "एवढ्याशा लेकराचा गुडघा कशाला दुखंल गं?"

सांगते, काय करते ते. मी बोलायला लागले की माझी गाडी सुटते, असं सगळे म्हणतात. म्हणून एकाच बाळाचं सांगते आणि एकाच दिवसाचं.

आमच्याकडं म्हणतात, "बाळ काचेत ठेवलंय." दिवस भरायच्या आधीच आलेलं, काचेच्या पेटीत, नाकात हवेच्या नळ्या, त्या नळ्या धरून ठेवायला डोक्याला घट्ट टोपी, आणि पायाला लाल दिव्याची एक पट्टी. ती पट्टी रक्तातला ऑक्सिजन मोजते. तिचा आकडा वरच्या स्क्रीनवर दिसतो आणि खाली गेला की मशीन ओरडायला लागतं. हा लाल दिवा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता अशा बाळाला कोण व्यायाम करायला लावणार? कुणीच नाही. मी बघते की ते झोपलंय कसं. पोटात असताना त्याच्या चारी बाजूंनी भिंत असते. हातपाय मारले की भिंत त्याला परत गोळा करते. बाहेर भिंतच नाही! बेडकासारखं पसरून पडतं बिचारं, आणि स्वतःला सावरण्यातच त्याची ताकद संपते. म्हणून आम्ही कापडाच्या गुंडाळ्या करून भोवती घरटं करतो. कुठल्या कुशीवर ठेवलं तर कुठलं फुफ्फुस मोकळं होईल ते बघतो. जरा मोठं झालं की चोखायला शिकवतो. पण सगळ्यात अवघड काम म्हणजे हात ठेवणं. एक हात डोक्यावर, एक पायाशी. ठेवायचा आणि हलवायचा नाही. थोपटायचं नाही, कुरवाळायचं नाही, जोजवायचं नाही. एवढ्या कोवळ्या मेंदूला थोपटणंसुद्धा जास्त होतं. त्या गडबडीत बाळ श्वास घ्यायचंच विसरतं.

आणि हे काम आलं कुणाच्या वाट्याला? माझ्या. मी टाइप करताना निम्मी अक्षरं खाते, जेवताना पाय हलवते, बोलताना समोरच्याच्या दंडाला हात लावल्याशिवाय मला वाक्य पुरं करता येत नाही. आमच्या मोठ्या सिस्टर, सांगलीजवळच्या गावच्या, जैन शेतकरी घरातल्या. त्यांच्या डब्यात कांदा-लसूण नसतो, पण बोलण्यात सगळा मसाला असतो. त्या मला दारातच अडवायच्या. "तू चहा घेऊ नकोस बाई, आधीच उकळतीयेस. हात धू, इथं उभी राहा, थंड हो, मग आत ये." मी थंड व्हायचे. म्हणजे तसा प्रयत्न करायचे.

तर ती मुलगी. पौषातली गोष्ट आहे. तिचे आईबाप तमिळनाडूत असतात, गलाईच्या दुकानावर, सोनं आटवायचं काम. आपल्या खटाव-खानापूर भागातली अर्धी पोरं त्या धंद्यात. आई सातव्या महिन्यात सासरी आली होती, औंधच्या यमाईची यात्रा होती म्हणून. यात्रेतच डोकं दुखायला लागलं, डोळ्यांपुढं काजवे, पाय सुजलेले. वडूजला नेलं तर बीपी इतकं वाढलेलं की तिथून गाडी थेट सांगलीला. रस्त्यात काही झालं नाही हेच नशीब. इथं आल्या आल्या सिझर झालं. मुलगी काचेत आली आणि आई वरच्या मजल्यावर आयसीयूत. बापाला तिकडचं दुकान सोडून निघायलाच चार दिवस लागले, आता कुठं रेल्वेत, येतोय येतोय. आणि खाली आमच्या दाराबाहेर एकटी आज्जी, बापाची आई, भिंतीला टेकून घोंगडं पांघरून बसलेली.

मुलीची श्वासाची नळी एकदा काढली होती, ती परत घालावी लागली. आदल्या दिवशी दुसऱ्यांदा काढली आणि नाकातली हवा लावली. सकाळी छातीचा फोटो काढला तर उजव्या फुफ्फुसाचा वरचा कोपरा मिटलेला. पांढरा फक्क. तिथं हवाच जात नव्हती.

डॉक्टर मॅडमनी फोटो बघितला आणि त्या पांढऱ्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. मग माझ्याकडं वळल्या.

"दुपारी परत फोटो घेऊ. कोपरा उघडला तर ठीक. नाही उघडला तर परत नळी." जरा थांबून म्हणाल्या, "आणि परत नळी म्हणजे यावेळी ती लवकर निघणार नाही. तिच्यात तेवढी ताकद उरलेली नाहीये. कळतंय ना?"

कळत होतं. दुपारपर्यंतचा वेळ माझ्याकडं होता, माझ्याकडं आणि सिस्टरांकडं.

मी मुलीला डाव्या कुशीवर घेतलं, म्हणजे उजवी बाजू वर. डोक्याकडची बाजू जरा उंच केली. गुंडाळ्या लावल्या, पाठीला एक, पायांना एक, हात तोंडाजवळ आणून ठेवले. सिस्टरांनी अगदी हलक्या हातानं, बारक्या नळीनं घशातला चिकट कफ ओढून घेतला. मग मी एक तळवा तिच्या टोपीवर ठेवला, एक पायाशी, आणि उभी राहिले. आकडा वर जायचा, परत खाली यायचा. मशीन ओरडायचं, गप्प व्हायचं. प्रत्येक श्वासाला तिच्या बरगड्यांच्या खाली खड्डा पडायचा. माझा स्वतःचा पाय हलतोय हे मला सिस्टरांनी चिमटा काढल्यावर कळलं.

दाराच्या काचेतून आज्जी बघत होती. बाळाजवळ कोण उभं आहे, काय करतंय. मी काहीच करत नव्हते! तिला तेच दिसत होतं.

बाहेर आले तर तिनं मला गाठलंच.

"पोरी, तूच ती मालिशवाली न्हवं?"

"आज्जी, मी फिजिओथेरपिस्ट आहे."

"त्येच म्हणते मी. मग तासभर नुसतं हात टेकून हुबी का? झोप लागली व्हती?"

मी म्हटलं, "तेच काम आहे."

"ह्ये काम?" आज्जीनं आजूबाजूला बघितलं, जणू सगळी सांगली साक्षीला बोलवायची होती. "आवं, आमच्या वस्तीवर एवढी लेकरं झाली, समदी ह्या हातांनी न्हाऊ घातल्याती. चोळून चोळून हाडं बसवलीती. एकाची टाळू रिकामी ठिवली न्हाई मी. आन माझ्या सोताच्या नातीच्या टाळूला त्येलाचं बोट न्हाई लागलं अजून. टोपी घालून ठिवलीया तिला, पोलिसावानी!"

टाळू भरणं तुम्हाला माहीत असेलच. बाळाच्या डोक्यावर मधोमध ती मऊ, लपलपणारी जागा असते, तिथं तेल जिरवायचं. आमच्या घरीही आईनं माझी भरली होती म्हणे, वाटीभर तेल गेलं, तरी ही अशी तापट निघाली, असं आई वर सांगते. त्यामुळं मला आज्जीचा राग नाही आला. तेल वाईट नाहीच. पण त्या दिवशी त्या मुलीला एका बोटाचा जास्तीचा स्पर्शसुद्धा परवडणारा नव्हता. एवढं मी तिला सांगितलं, बहुतेक खूपच भरभर सांगितलं.

आज्जी ऐकत होती, पण तिचे हात ऐकत नव्हते. मांडीवर घोंगड्याची घडी होती आणि ती घडीला थोपटत होती, सारखं, एका तालात. तिला माहीतही नव्हतं.

"कफ झालाय म्हणत्यात न्हवं छातीत? मग पाठीवर चार थापा दे की. कोकरू घुसमाटलं की आमी असंच करतो."

"आज्जी, हिची हाडं कोकरापेक्षा कोवळी आहेत. शेतात ज्वारीचं हिरवं ताट उभं असतं ना, तशी. आणि थाप छातीवर मारली तरी हादरा डोक्यात बसतो."

तिचा हात घडीवर थांबला. मग म्हणाली, "जगल का गं?"

मी म्हटलं, "दुपारी फोटो काढणार आहेत." आणि आत पळाले.

दुपार जवळ यायला लागली आणि मुलगी दमायला लागली. आकडा नव्वदीच्या खाली जाऊन तिथंच रेंगाळायला लागला. मॅडम आल्या, छाती ऐकली, म्हणाल्या, "छातीवर देऊन बघू. आई येऊ शकेल?"

छातीवर देणं म्हणजे कांगारूसारखं. कपडे काढून बाळाला आईच्या उघड्या छातीवर पालथं, उभं ठेवायचं आणि कापडानं बांधायचं. उभं असल्यामुळं फुफ्फुसं मोकळी होतात, खालून आईचा श्वास लागतो, ऊब लागते. आमच्या सगळ्या गुंडाळ्या एकीकडं आणि माणसाची छाती एकीकडं.

पण आईचं बीपी अजून वरच होतं, तिला खाली आणणं शक्य नव्हतं. बाप रेल्वेत. सिस्टर म्हणाल्या, "आज्जी आहे की बाहेर." आणि मॅडम माझ्याकडं बघून म्हणाल्या, "चालेल. तू तिथून हलायचं नाहीस."

मला घाम फुटला. मी तिचे हात बघितले होते ना.

आज्जीला आत आणलं. कोपरापर्यंत साबणानं हात धुवायला लावले. सिस्टरांनी दारातच तिची पान-तंबाखूची चंची काढून घेतली. आज्जी म्हणाली, "माझी चंची घेतली, आता जीव तेवढा घ्या." पडदा लावला, चोळी काढून पुढून उघडा गाऊन घालायला दिला. मला वाटलं लाजेल. ती म्हणाली, "लेकराफुडं कसली लाज? धा जणांना पाजलंय." खुर्चीत जरा रेलून बसवलं. मी आणि सिस्टरांनी मिळून मुलीला उचललं, नळ्यांसकट, वायरींसकट, आणि तिच्या छातीवर पालथं ठेवलं. गाल आज्जीच्या छातीला, गुडघे पोटाशी. वरून कापड बांधलं.

मशीन ओरडायला लागलं. ते ठरलेलंच असतं, उचललं की आकडा पडतो. आपण थांबायचं असतं. पण ते थांबणं! तुम्ही तिथं उभे राहून बघा एकदा.

आणि आज्जीचा हात सुरू झाला. थप, थप, थप, पाठीवर. अगदी हलकं, मायेनं. आकडा आणखी खाली.

"आज्जी, थोपटू नका."

"न्हाई, न्हाई." थांबली. आणि परत थप, थप. तिचा दोष नव्हता हो, तो हात जन्मभर तसाच चालला होता.

मग मी माझा तळवा तिच्या हातावर ठेवला आणि दाबून धरला. तिचा हात खरखरीत, गरम, आणि माझ्या हाताखाली तो फडफडत होता, पकडलेल्या पारव्यासारखा. मी तिचा तो हात पाठीवरून काढून मुलीच्या डोक्यावर नेला, टोपीवर, बरोब्बर मधे.

"इथं ठेवा. खाली टाळू आहे तिची. नुसता ठेवायचा. दुसरा हात खाली, पायांना ओंजळ करा."

आज्जीनं माझ्याकडं बघितलं. "टाळूवर हात ठिवायचा आन त्येल न्हाई लावायचं?"

"न्हाई लावायचं."

"आन हालवायचा बी न्हाई?"

"न्हाई."

"लय अवघाड शिक्षाण हाय तुजं," आज्जी म्हणाली.

माझा हात मी मुलीच्या पाठीवर ठेवला, कापडाच्या आत. आणि आम्ही दोघी तशाच राहिलो. आज्जी छताकडं बघत होती, ओठ मिटून, जणू डोक्यावर भरलेली घागर आहे. मी खाली वाकलेली, पाठ दुखायला लागली, नाकाला खाज सुटली, खाजवता येईना. हळूहळू मशीन गप्प झालं. आकडा चढला. नव्वदी ओलांडली. पाठीवर माझ्या तळव्याखाली श्वास लागत होता, बारका, भरभर, पण एकसारखा. बरगड्यांखालचा तो खड्डा उथळ झाला होता, मला हातानं कळत होतं. मला ओरडून सगळ्यांना सांगावंसं वाटत होतं आणि मी श्वाससुद्धा जपून घेत होते.

सिस्टर पलीकडच्या पेटीकडं गेल्या. मॅडम टेबलाशी फोनवर. सगळं शांत झालं.

आणि मशीन किंचाळलं.

असं नाही की हळूहळू खाली आलं. एकदम कोसळलं. नव्वदीच्या वरचा आकडा धाडकन सत्तरीत, मग साठीत. मी स्क्रीनकडं बघते तर ती रेघ वेडीवाकडी. मॅडमनी फोन टाकला. सिस्टरांनी नळीचा ट्रे ओढला, त्याच्या चाकांचा आवाज मला अजून ऐकू येतो. "खाली घ्या! बाळ खाली घ्या, पटकन!"

माझा हात पाठीवर होता. मी उचलायला बोटं वळवली आणि...

श्वास चालू होता. तसाच. बारका, भरभर, एकसारखा. माझ्या तळव्याखाली काहीच बदललं नव्हतं. स्क्रीन सांगत होती पोरगी चालली, आणि हात सांगत होता ती आहे तिथंच आहे.

"मॅडम, थांबा!" माझा आवाज फाटला. "श्वास चालू आहे! छाती हलतीय, माझ्या हाताला लागतीय! रंग बघा, ओठ बघा!"

मॅडम वाकल्या. ओठ गुलाबी होते. त्यांनी स्टेथोस्कोप कापडाआड सरकवला आणि एक बोट वर केलं, म्हणजे गप्प. सगळे गप्प. मशीन तेवढं बोंबलतंय.

"ठोके चांगले आहेत," मॅडम म्हणाल्या. "पट्टी बघा."

सिस्टरांनी खालून कापड उचललं. लाल दिव्याची पट्टी पावलावरून घसरून टाचेला लोंबत होती. त्यांनी पाऊल धरलं आणि त्यांचं बोट सटकलं. त्यांनी बोट नाकाशी नेलं.

"खोबरेल," सिस्टर म्हणाल्या.

आज्जी अजून छताकडंच बघत होती. पण आता तिचे डोळे भरलेले होते. खालच्या हाताच्या मुठीत कापसाचा बारका बोळा होता, तेलात भिजवलेला. चंची दारात काढून दिली, पण हा बोळा कनवटीला खोचलेला होता. हात कोपरापर्यंत धुतले होते आम्ही, कनवटी कुणी बघितली?

"टाळूला लावू नगं म्हणाली ही," आज्जी पुटपुटली, माझ्याकडं मान करून. "म्हणून नुसतं तळपायाला. त्येवढंच बोट. रिकामी जायला नगं म्हणून."

रिकामी जायला नको. तेव्हा मला कळलं की दारात मी उत्तर न देता पळाले, त्याचं तिनं काय उत्तर धरलं होतं.

मॅडम चिडल्या होत्या. का नाही चिडणार! अजून दोन क्षण आणि धडधाकट श्वास घेणाऱ्या पोरीच्या घशात नळी गेली असती. "बाहेर पाठवा यांना," त्या म्हणाल्या. "बाळ पेटीत ठेवा."

आज्जी हलली नाही. रडत होती, पण छाती हलू देत नव्हती. म्हणाली, "मला बाहीर घाला. मारा पायजे तर. पर हिला नगा हालवू आवं. आत्ता कुठं निजलीया."

मी काहीच बोलले नाही. खरंच, हे लिहून ठेवते, कारण घरी कुणी विश्वास ठेवत नाही. मी फक्त मॅडमकडं बघितलं आणि पाठीवरचा हात काढला नाही. सिस्टरांनी पाऊल पुसलं, दुसऱ्या पायाला नवीन पट्टी बांधली. लाल दिवा लागला. स्क्रीनवर आधी रेघ आली, मग आकडा. नव्वदीच्या बराच वर. दिवसभरात एवढा वर तो गेलाच नव्हता.

मॅडम त्या आकड्याकडं बघत राहिल्या.

"फोटोवाला येईपर्यंत," त्या म्हणाल्या. "आणि दोन्ही हात मला दिसले पाहिजेत."

सिस्टरांनी आज्जीच्या मुठीतला बोळा काढून घेतला, हात पुसून दिला आणि तिच्या कानाशी म्हणाल्या, "आमच्याकडं तेल फोडणीला घालतात आज्जी. मशीनला नाही." आज्जी रडता रडता फिसकन हसायला गेली आणि हसू गिळलं, छाती हलेल म्हणून.

मग जो वेळ गेला, तो कसा गेला विचारू नका. आज्जीचा एक हात टाळूवर, एक कापडाच्या बाहेरून पायांवर, दोन्ही मॅडमना दिसतील असे. थोपटणं नाही, काही नाही. मधेच तिची बोटं थरथरायची, सवयीनं उठू बघायची, आणि ती स्वतःच दात खाऊन त्यांना खाली बसवायची. मला काहीच बोलायची गरज नव्हती.

फोटोवाला आला. मुलीला खाली घेतलं, फोटो काढला, परत ठेवलं. मॅडम कंप्युटरकडं गेल्या. मी तिथूनच मान लांब करून बघत होते. मला सगळं दिसत नव्हतं, मॅडमचा खांदा मधे. मग त्या बाजूला झाल्या.

सकाळी पांढरा असलेला तो कोपरा काळा होता. सगळा नाही, एक पट्टा अजून धुरकट, पण काळा! फोटोत हवा काळी दिसते. काळं बघून मला आयुष्यात एवढं बरं कधी वाटलं नव्हतं.

"आज नळी नको," मॅडम म्हणाल्या.

मी आज्जीला म्हटलं, "आज्जी, काळं झालं!" आणि तिचा चेहराच पडला. "काळं कुठं चांगलं असतंय गं?" मग मला समजावून सांगावं लागलं, आणि यावेळी मी सावकाश सांगितलं, काळं म्हणजे हवा, हवा म्हणजे उघडलं. तिनं डोळे मिटले. हात तसेच.

बाप दुसऱ्या दिवशी आला. आई तर त्यानंतर बऱ्याच दिवसांनी खाली येऊ शकली, चाकाच्या खुर्चीतून. तोवर मुलगी नाकातल्या नुसत्या बारक्या नळीवर आली होती. आईच्या छातीवर तिला पहिल्यांदा दिलं, आणि आईनं काय करावं? पाठीवर थप, थप.

"ए!" मागून आज्जी. मी तोंड उघडायच्या आधी. "थोपटू नगं. हात टाळूवर ठिव. नुसता ठिव. बोटं कशाला नाचवतीस?"

सून घाबरून माझ्याकडं बघायला लागली. मी म्हटलं, "बरोबर आहे ताई त्यांचं."

"लय अवघाड शिक्षाण हाय ह्ये," आज्जी तिला म्हणाली. "हिला इचार. हिला बी अजून जमत न्हाई. पाय बघ तिचा."

माझा पाय हलत होता.

घरी सोडायच्या आदल्या दिवशी आज्जीनं मॅडमना टाळू भरायचं विचारलं. सरळ विचारलं, सगळ्यांसमोर, पदराचा बोळा करून हातात धरून. टोपी तर केव्हाच निघाली होती, मुलगी अंगानं भरली होती, कुशीवरून माझ्याकडं बघून भुवया चढवायची. मॅडम म्हणाल्या, "थोडंसं. आणि ही समोर असताना."

ही म्हणजे मी.

आज्जीनं हात धुतले, कोपरापर्यंत, कुणी न सांगता. सिस्टरांनी कनवटी तपासायचं नाटक केलं. वाटीत तेल होतं. आज्जीनं बोट बुडवलं आणि मुलीच्या डोक्याजवळ नेलं, आणि तिथंच थांबलं ते बोट, हवेत.

"काय झालं आज्जी?"

"बघ की," ती म्हणाली. "उडतीया."

केसांखाली ती मऊ जागा वर-खाली होत होती, सावकाश, एकसारखी. पट्टी नाही, वायर नाही, मशीन नाही. आज्जीनं बोट टेकवलं. तेल लागलं. तिनं चोळलं नाही. बोट नुसतं ठेवलं.